चपलांचा चातुर्मास

देव आषाढी एकादशीला झोपतात, चपला त्यांच्या जरा आधी. मृगाचे ढग डोकावू लागले की घरोघरी एक छोटासा समारंभ होतो. त्याला मुहूर्त लागत नाही आणि गुरुजीही लागत नाहीत. उन्हाळाभर मिरवलेली कोल्हापुरी, एका लग्नात चावली म्हणून दुसऱ्या लग्नाची वाट पाहत बसलेली मोजडी, ऑफिसचे काळे बूट, सगळे फडक्याने पुसून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर चढवले जातात. कोल्हापुरीला निरोप देताना कुणी तिच्या तळाला एरंडेल नाहीतर खोबरेल चोळतं. याला चपलेला तेल पाजणं म्हणतात, आणि ती खरोखरच पिते. रात्री चोपडलेलं तेल सकाळी दिसत नाही. पाण्याशी मात्र तिचं मुळीच पटत नाही. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं ते कातडं भिजलं की फुगतं, वाळलं की वाकडं होतं, आणि मग डावी-उजवी दोघी रुसल्यासारख्या दोन दिशांना तोंडं करून बसतात. 2019 साली महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून कोल्हापुरीचं भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्या कुळाचा, कातड्याचा, कारागिरीचा दाखला सरकारदरबारी लागला. पण आषाढातल्या सरीला तो दाखवून काही उपयोग नसतो. तेव्हा ती झोपते. कार्तिकीला देव उठले की तिलाही उठवायचं. तोवर तिने अंगावर बुरशीची पांढरट शाल ओढून घेतलेली असते.

शहरात पावसाचा पहिला वास मातीचा नसतो, रबराचा असतो. मेअखेरीस दुकानांच्या दारात सुतळीवर ओवलेल्या प्लास्टिकच्या चपलांच्या माळा लटकू लागतात, पोपटी, राणी, आकाशी. त्या माळांखालून वाकून आत शिरताना नव्या रबराचा जो कोंडलेला, किंचित गोडसर दर्प नाकात जातो, तो मला वेधशाळेच्या अंदाजापेक्षा भरवशाचा वाटतो. लहानपणी रत्नागिरीला या दर्पाबरोबर शाळा सुरू व्हायची. साच्यातून एकसंध काढलेले प्लास्टिकचे बूट मिळायचे. हवा खेळावी म्हणून त्यांना कडेला फटी ठेवलेल्या असत, आणि त्या फटींतून हवा सोडून बाकी सगळं आत यायचं: खडे, गवताची पाती, एकदा तर गोगलगाय. हवाई चपलेचा स्वभाव आणखी निराळा. तिचा मागचा भाग मोकळा; टाच उचलली की तळ फट्कन वर येतो आणि रस्त्यावरचा चिखल मालकाच्या पाठीवर नेमाने उडवतो. त्यामुळे आमच्या गल्लीत माणसाची घाई मागून वाचता यायची. शिंतोडे पोटरीपर्यंतच असले तर गृहस्थ भाजी आणायला निघालेत, कमरेपर्यंत असले तर बस गाठायची आहे, आणि सदऱ्याच्या कॉलरला पोचलेले असले तर बस सुटलेली आहे.

पुढे हाती चार पैसे आले, डोंगरांची ओढ लागली, आणि पायांना कोरडं ठेवण्याचं वचन देणारे बूट विकत घेता येतात असं कळलं. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात मी संध्याकाळी गेले. बूट घ्यायला संध्याकाळी जावं हे मला जाणत्यांनी सांगितलेलं. दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असतात आणि डोंगरावर ते तसेच असणार असतात. जाड मोजे बरोबर न्यावेत, पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी सोडावी, नाहीतर उतरणीला बोटं पुढच्या भिंतीवर आपटत राहतात आणि आठवड्याने नखं काळी पडतात. हे सगळं यथासांग करून मी शेवटचा प्रश्न विचारला.

‘पूर्ण वॉटरप्रूफ आहेत ना?’

‘शंभर टक्के. पाण्याचा थेंब आत जाणार नाही.’

‘आणि वरून, तोंडातून गेला तर?’

दुकानदारांनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘मग बाहेर येणार नाही, ताई. वॉटरप्रूफ आहेत ना.’

या विषयावर मी नंतर बरंच काही वाचलं, पण यापलीकडे कुणी गेलेलं दिसलं नाही. बूट कितीही अभेद्य केला तरी पाय आत घालायला त्याला एक तोंड ठेवावंच लागतं, आणि श्रावणातला सह्याद्री नेमका तिथूनच बोलणी सुरू करतो. पाऊस गुडघ्यावरून ओघळत मोज्यात उतरतो. ओढा आडवा येतो, तो घोट्यापर्यंत आहे असं वाटतं आणि मांडीपर्यंत निघतो. मग पाणी बाहेर ठेवायला केलेली सगळी तटबंदी तितक्याच निष्ठेने पाणी आत ठेवू लागते. किल्ला तोच, फक्त शत्रू आत आणि दरवाजे बंद.

पाणी अडवायचं आणि घामाला मात्र वाट द्यायची, हा खरा तिढा. तो 1969 साली अमेरिकेत सुटला, आणि तोही म्हणे वैतागातून. बॉब गोर हा तरुण, नॉनस्टिक तव्यावर असतो त्या टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून पाहत होता आणि त्या तुटत होत्या. शेवटी त्याने एका कांडीला जोरात हिसका दिला, तर ती न तुटता कितीतरी पट लांब झाली. त्या ताणलेल्या पदार्थात डोळ्यांना न दिसणारी अगणित छिद्रं होती: पाण्याच्या थेंबाहून सुमारे 20,000 पट लहान, वाफेच्या रेणूहून सुमारे 700 पट मोठी. थेंबाला दार बंद, वाफेला उघडं. महागड्या बुटांच्या अस्तरात अशाच पडद्याचा पातळ थर असतो. पण वाफेचाही एक स्वभाव आहे. ती ओल्या जागेकडून कोरड्या जागेकडे जाते. कोरड्या थंड हवेत बुटातला घाम या छिद्रांतून निमूट बाहेर पडतो. आषाढात भीमाशंकरच्या रानात मात्र ढगच झाडांमधून चालत असतात. बाहेरची हवा आतल्या मोज्याइतकीच चिंब. तिथे ही वाफ, निघतो निघतो म्हणत पायांत चपला अडकवून दारात तासभर गप्पा मारणाऱ्या मराठी पाहुण्यासारखी, उंबऱ्यावरच घोटाळते. दार उघडं असतं, जायचं मनही असतं, फक्त जाणं होत नाही.

बाहेरच्या कापडावर आणखी एक लेप असतो, पाण्याचे मोती करून घरंगळवून देणारा. नवा बूट पायात असला की पहिल्या सरीत ते मोती बघायला मी मुद्दाम खाली मान घालून चालते. हे सुख फार टिकत नाही. चिखलाने, गवताने, घासण्याने तो लेप झिजतो. मग बूट साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुऊन (कपड्यांची पावडर त्याला चालत नाही) वर नव्याने फवारा मारावा लागतो. परसातल्या अळूला असलं काहीच करावं लागत नाही. त्याच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो आणि इतके बारीक उंचवटे, की थेंबाला धड टेकायला जागाच मिळत नाही. निसर्गाने असं सर्वांगसुंदर जलरोधक पान आपल्या विहिरीच्या कडेला लावून ठेवलं, आणि आपण काय केलं, तर चिंचगूळ, दाणे, खोबऱ्याचे काप घालून त्याचं फतफतं केलं. अर्थात मी तक्रार करत नाही. पंगतीत ते दुसऱ्यांदा मागून घेणाऱ्यांतलीच मी.

तळाची गोष्ट वेगळी, आणि ती दुःखातून आलेली आहे. 1935 साली इटलीतल्या पुंता रासिका या शिखरावर सहा गिर्यारोहक वादळात सापडून गेले. पायांतली पादत्राणं त्या थंडीला आणि बर्फाला पुरी पडली नाहीत. त्यांचा सोबती विताले ब्रामानी याने दोन वर्षांनी खोल खाचांच्या रबरी तळाचं पेटंट घेतलं, आणि त्याच्या नाव-आडनावाच्या तुकड्यांतून झालेला ‘विब्रम’ तळ पुढे जगभरच्या डोंगरांवर उमटला. आपल्या डोंगरात बर्फ नाही, शेवाळ आहे. पावसाळ्यात काळ्या कातळावर ते हिरव्या मखमलीसारखं पसरतं आणि देशी-विदेशी असा भेद न करता सगळ्यांना सारखंच खाली बसवतं. सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकणारी मंडळी म्हणूनच बुटाची किंमत विचारत नाहीत, तळाला अंगठ्याचं नख रुतवून बघतात. रबर मऊ असेल तर ओल्या दगडाला धरतं. ‘ॲक्शन ट्रेकिंग’ या स्वस्त देशी बुटांना या मंडळींत जो मान मिळाला तो या पकडीमुळे. त्यांनी पाय कोरडे ठेवण्याचं वचन कधी दिलं नव्हतं, त्यामुळे ते मोडण्याचाही प्रश्न आला नाही.

गमबुटाचं सगळंच सरळ. ना पडदा, ना छिद्रं, ना मोती. आत घाम आणि बाहेर पाणी, दोघांनी आपापल्या जागी राहायचं. पण या भाबड्या बुटाचं आपल्या मातीशी एक जुनं, जरासं दुखरं नातं आहे. 23 सप्टेंबर 1803 या दिवशी, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईजवळ, आर्थर वेलस्ली नावाचा चौतीस वर्षांचा इंग्रज सेनापती शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेसमोर येऊन ठेपला. मध्ये केळणा नदी. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. त्याने पाहिलं की दोन्ही काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर आहेत, आणि समोरासमोरची गावं एकमेकांकडे जात-येत नसतील हे त्याला पटेना. सोयरिकी, भांडणं, उसनी घेतलेली अवजारं, काहीतरी असणारच. उतार सापडला, पलटणी पाण्यातून पार झाल्या, लढाई आपण हरलो. ज्या गोष्टीचा फायदा त्याने घेतला, ती दोन मराठी गावांमधली शेजारधर्माची पायवाट होती, हे मला राहून राहून वाटतं.

हाच गृहस्थ पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि त्याने लंडनच्या हॉबी नावाच्या जोडे करणाऱ्याकडून सरदारी बुटाचं आटोपशीर रूप बेतून घेतलं. वासराच्या मऊ कातड्याचा तो बूट इंग्लंडभर मिरवू लागला. रबर नंतर आलं. गुडइयर नावाच्या संशोधकाने गंधकाच्या साह्याने रबर टिकाऊ करण्याची कृती शोधली होती. ती वापरून हायरम हचिन्सन या अमेरिकनाने 1853 मध्ये फ्रान्सात कारखाना काढला आणि लाकडी खडावा घालून चिखल तुडवणाऱ्या तिथल्या शेतकऱ्यांच्या पायांत रबरी बूट आले. इंग्रज आजही त्यांना वेलिंग्टनच्याच नावाने ओळखतात. आपल्याकडे मात्र ड्यूकचा हा बूट नालेसफाईचे कामगार, गोठ्यातले दूधवाले, खाणीतले मजूर आणि मासळीबाजारात बर्फाच्या पाण्यात दिवसभर उभी असलेली माणसं घालतात. बुटाच्या दृष्टीने पाहिलं तर ही बढतीच म्हणायची; ड्यूकला त्याची इतकी गरज कधीच नव्हती.

कुडाळजवळच्या एका वाडीत राहणाऱ्या माझ्या मामांना आरोग्यसेविका दर जूनमध्ये बजावून जायच्या: चिखलात उघड्या पायांनी उतरू नका, गमबूट घाला, लेप्टो होतो. त्यांचं खरंच होतं. उंदरांच्या लघवीतले जंतू शेतातल्या साचल्या पाण्यात मिसळतात आणि पायाला एवढीशी चीर असली तरी तिथून शिरतात. म्हणून मी पुण्याहून गुडघ्यापर्यंतचे काळेभोर गमबूट नेऊन दिले. मामांनी ते नव्या नवरदेवाच्या संकोचाने चढवले आणि लावणीच्या कुणग्यात उतरले. पहिलं पाऊल गेलं, दुसरं गेलं, तिसऱ्याला पाय वर आला आणि बूट तिथेच राहिला. लावणीसाठी नांगरून, फोडून, लोण्यासारखा केलेला तो चिखल. तो बुटाला सोडायला तयार होईना. मामांनी उरलेला पाय सोडवायला जोर केला, तर तोही मोकळा झाला. तरव्याच्या कोवळ्या हिरव्या काड्यांमध्ये ते दोन काळे बूट ताठ उभे, आणि मामा शेजारी अनवाणी. बांधावरून मामींनी विचारलं, ‘तरवो लावतास की बूट?’

पुढच्या खेपेला बूट पडवीत खुंटीला टांगलेले दिसले, तोंड वर करून. मी आत डोकावले. माचिस, विडीचं बंडल, बॅटरीचे सेल आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं रेशनकार्ड. मामा जराही ओशाळले नाहीत. कौलांतून ठिबकणाऱ्या पाण्याखाली ठेवलेल्या पातेल्याकडे हात करून म्हणाले, ‘गो, पावसात ह्या घरात ह्योच एक कोरडो कोपरो आसा.’ बुटाने वचन पाळलं होतं, पायांऐवजी काड्यापेटीला. आरोग्यसेविकांचा मान राखायला ते गोठ्यात जाताना मात्र घालू लागले, सामान काढून खुंटीखालच्या फळीवर रचून ठेवत आणि परत आल्यावर पुन्हा भरत. पायांची काळजी रात्री मामी घ्यायच्या. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असत, पांढरट, सोललेल्या, तिथे हळद. टाचांच्या भेगांना कोकमच्या तेलाचा घट्ट गोळा दिव्याच्या ज्योतीवर धरून, वितळलेला थेंब भेगेत सोडायच्या. थेंब पडला की मामा ‘स्स’ करायचे आणि मामी म्हणायच्या, अजून तर लावलंच नाही.

बुटांची काळजी याहून सोपी आहे, पण तिला चिकाटी लागते. ओला बूट घरी आला की नाडी पूर्ण सैल करायची, जीभ बाहेर ओढायची, आतला तळवा काढून वेगळा टांगायचा आणि पोकळीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. दोन-तीन तासांनी ते ओले झाले की बदलायचे. या कामी अग्रलेखाचं पान सर्वोत्तम, असा माझा अनुभव आहे. पाणी किती शोषतं याला सुमार नाही. जाहिरातींचं गुळगुळीत रंगीत पान काही कामाचं नसतं, ते आतमध्ये कोरडंच राहतं आणि बूट ओला. कडक उन्हात किंवा गॅसजवळ बूट ठेवू नये. गोंद सुटतो, कातडं तडकतं. सावली आणि पंखा, बस. पूर्वी फ्रिजच्या पाठीला काळी जाळी असायची, तिची मंद ऊब सगळ्या घराच्या मालकीची होती. मोजे, टोप्या, लंगोट, एखादं भिजलेलं प्रगतिपुस्तक, सगळं तिथे वाळायचं. आता फ्रिज आपली ऊब भिंतींच्या आत दडवून ठेवतात. घरात गारवा ठेवायला जागा वाढली, ऊब ठेवायची एक जागा कमी झाली.

फ्रिज नव्हता तेव्हा आई मोज्यांना इस्त्री करायची. रत्नागिरीच्या पावसात काल धुतलेले मोजे आज वाळणं शक्यच नसायचं. सकाळी सहाला, अंगणात सर कोसळत असताना, स्वयंपाकघरातून आधी चर्र असा आवाज यायचा, मग साबण, लोकर आणि पाणी यांच्या मिश्रणाचा एक उग्र वाफाळता वास. एकेक मोजा ती दोन्ही बाजूंनी दाबायची, टाचेशी थांबायची, बोटांच्या टोकाशी इस्त्रीचं नाक घालायची, आत मूठ घालून अजून ओल आहे का ते चाचपायची आणि हायसं वाटलं की तो तसाच गरम माझ्या पायात चढवायची. शाळा वीस मिनिटांवर होती आणि पहिलं डबकं फाटकाबाहेरच, जांभळाच्या झाडाखाली. ते तिला माहीत होतं, कारण येता-जाता तीही त्यातच पाय घालायची. वडील एकदा म्हणाले, अगं, फाटकापर्यंतसाठी एवढी वीज कशाला जाळतेस? तिने मान वर न करता दुसरा मोजा उलटा केला आणि म्हणाली, फाटकापर्यंत तरी जाऊ दे ना कोरडी.

ज्येष्ठ-आषाढाच्या याच पावसात महाराष्ट्रातली सगळ्यांत मोठी पायपीट चाललेली असते. आळंदीहून, देहूहून माणसं पंढरपूरला निघतात, लाखोंनी, भर पावसात. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, खांद्यावर पताका, आणि पायांत जे असेल ते: झिजलेली स्लीपर, कापडी बूट, दोन जातींच्या दोन चपला, कित्येकदा काहीच नाही. वाटेत ठिकठिकाणी चर्मकार बांधव पथारी टाकून बसतात आणि तुटलेले अंगठे, निघालेले पट्टे फुकट शिवून देतात. आणि ही सगळी भिजलेली पावलं कुणामागे चाललेली असतात, तर पादुकांमागे. पालखीत मूर्ती नसते, पोथी नसते, पादुका असतात. कुणाच्याही पायांत न घातलेल्या, रेशमावर ठेवलेल्या. वाटतं, महाराष्ट्रातलं हे एकच पादत्राण पावसाळाभर कोरडं राहत असेल. तेही नाही. माउलींची पालखी नीरेकाठी पोचते तेव्हा पादुकांना नदीत स्नान घालतात, माणसं त्या पाण्यासाठी जीव टाकतात, आणि मग त्या पुसून पुन्हा पालखीत ठेवल्या जातात. पाण्यातून काढून, टिपून, पुढे निघायचं. एवढ्या थोर पावलांच्या पादुकांना जे चुकलं नाही, ते माझ्या बुटांना चुकावं असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार?

माझ्या बुटांचं आयुष्य संपलं ते मात्र ओढ्यात नाही. डोंगरी बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा मऊ फेस असतो, आणि हवेतली नुसती ओल त्याच्या रेणूंची साखळी वर्षानुवर्षं तोडत राहते. खोक्यात जपून ठेवलेल्या बुटालाही हे चुकत नाही. वरून सगळं ठाकठीक दिसतं. मग एखाद्या रविवारी राजमाचीच्या वाटेवर पुढचा तळ आ वासतो आणि दर पावलाला टाळी वाजवू लागतो. पावसाळी ट्रेकला प्रत्येक कंपूत असा एक टाळकरी निघतोच. कुणी नाडीने बांधतं, कुणी काडकन तोडलेल्या वेलीने, आणि हुशार माणसं सॅकच्या पट्ट्याला आधीच चिकटपट्टी गुंडाळून आणतात. मी ओढणी बांधून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या काकांकडे गेले. निळ्या ताडपत्रीखाली त्यांचं सगळं जग मांडलेलं: ऐरण, रापी, आरी, मेणाचा काळपट गोळा, रंगाच्या डब्या, आणि दोरीला लोंबणाऱ्या अनाथ चपला. पाय टेकायला त्यांनी एक भलीमोठी, डाव्या पायाची चप्पल पुढे सरकवली. माझा उघडा पाय उजवा होता.

‘पेस्टिंग करून चालेल ना?’ मी विचारलं.

‘पेस्टिंग दोन पावसात सुटतंय. चौफेर शिलाई मारून घ्या.’

‘पण वॉटरप्रूफ बूट आहे, काका. सुईची भोकं पडतील.’

‘पडतील की.’

‘मग पाणी शिरेल आत.’

‘आत्ता शिरत न्हाई?’

‘शिरतं. वरून.’

‘मग जातंय कुठनं?’

मी काही बोलले नाही. त्यांनी दोरा मेणाच्या गोळ्यावरून ओढला, दोनदा, तिसऱ्यांदा. बूट मांडीत उलटा धरला आणि आरीचं टोक त्या सगळ्या शास्त्रावर टेकवून दाबलं. टक् असा लहानसा आवाज झाला. मग दुसरा. मी त्या एकेका भोकाकडे पाहत होते आणि ते माझ्या तोंडाकडे पाहून गालात हसत होते. पावसाची एक सर येऊन गेली, ताडपत्रीचा फुगा त्यांनी काठीने वर ढकलून रस्त्यावर रिकामा केला आणि पुन्हा कामाला लागले. टाचेपाशी गाठ मारून, दोरा दातांनी तोडून त्यांनी बूट माझ्यापुढे ठेवला. शिलाई सरळ होती, सुंदर होती, आणि चाळणीला लाजवेल इतकी भोकं होती. दुसऱ्या बुटाचा तळ अजून शाबूत होता, म्हणून मी पर्स उघडली. त्यांनी पैशांकडे बघितलंच नाही. माझ्या डाव्या पायाकडे बोट केलं.

‘त्यो पण काढा. एक गळका आन् एक भरलेला, अशानं माणूस तिरका चालतंय.’